फळीवरचा पालथा कप

घराबाहेर पडताना मी गॅसचं बटण तीनदा बघते. एकदा हाताने, एकदा डोळ्यांनी आणि एकदा जिना उतरून, परत वर येऊन. कर्जतला आमच्या इमारतीतल्या बायकांना हे पाठ झालं आहे. खालच्या मजल्यावरची विचारते, "काकू, आज किती फेऱ्या?" मीही हसते. शाळेत शिकवत होते तेव्हा पेपरांच्या गुणांची बेरीज चारदा करायची आणि गठ्ठा ऑफिसात देऊन आल्यावर तो पुन्हा मागून घ्यायची. शिपाई माझ्याकडे बघून मान हलवायचा. मुलगा म्हणतो, आई, हा आजार आहे, कुणाला तरी दाखवू. मी म्हणते, आजार कसला, सवय आहे. ही सवय कुठून लागली ते मात्र त्याला कधी सांगितलं नाही, त्याच्या वडिलांनाही नाही. आता सांगता येईल असं वाटतं, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

आमचं हॉटेल चौकला होतं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या अगदी कडेला. हॉटेल हा शब्द माझ्या वडिलांचा, तात्यांचा. खरं तर ती पत्र्याची लांबट पडवी होती आणि मागे आम्ही राहायचो त्या दोन खोल्या. पुढे चार संगमरवरी टेबलं, ती तात्यांनी पनवेलच्या कुठल्याशा बंद पडलेल्या इराण्याकडून आणली होती आणि त्यांचा त्यांना फार अभिमान. "बूड थंड राहिलं म्हणजे गिऱ्हाईक दोन घटका जास्त बसतं," असं ते म्हणायचे. बूड टेबलावर कोण ठेवतं, असं आई मागून विचारायची. काचेच्या बरण्यांत खारी, बटर, नानकटाई. आईची कांदाभजी आणि बटाटेवडा, आणि सकाळी नऊपर्यंतच मिळणारी वाटाण्याची उसळ, जिच्यासाठी म्हणे पुण्याचे काही ट्रकवाले पहाटेच घाट उतरायचे. म्हणे म्हणते, कारण हे सांगणारे तात्याच. बाहेर दोन पिंपं. एक माणसांच्या पाण्याचं, एक इंजिनाच्या पाण्याचं. घाट चढायच्या आधी गाड्या आमच्याकडे पाणी पीत आणि मग त्यांचे ड्रायव्हर चहा. हा क्रम कुणी मोडत नसे. डिझेल आणि तळण यांचा एकत्र वास मला अजूनही कुठे आला की भूक लागते. माझ्या नवऱ्याला त्याच वासाने मळमळायचं.

रस्ता म्हणजे एक अख्खं गावच होतं. पलीकडे गोटीसोड्याचं दुकान, त्याचा रेडिओ दिवसभर चालू. शेजारी केरळातून आलेला पंक्चरवाला, तो मराठी बोलायचा पण मोजायचा त्याच्या भाषेत. पुढे नारळवाली मावशी, घाटातल्या शिंग्रोबाला वाहायचा नारळ तिच्याकडूनच घ्यायचा अशी ड्रायव्हर लोकांची रीत. गॅरेजच्या आवारात गाड्यांवर नक्षी काढणारा एक पेंटर बसायचा, कमळं, मोर, डोळे आणि आईचा आशीर्वाद. वडाखाली दर मंगळवारी कासारीण यायची. आता कर्जतहून टमटममधून तिकडे जाते तेव्हा काहीच ओळखू येत नाही. वड गेला, सोडा गेला. एक भलं मोठं गार्डन रेस्टॉरंट झालंय, त्याच्या दारात सिमेंटचा जिराफ उभा आहे. जिराफाचा आणि चौकचा काय संबंध ते मालकाला विचारायचं राहून गेलं आहे.

आता फळीबद्दल सांगते. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक लांब सागवानी फळी होती आणि तिच्यावर अठरा कप. नेहमीच्या ड्रायव्हरांचे, ज्याचे त्याचे. पेंटरने प्रत्येकावर खूण काढून दिलेली. कुणाचा चाँद, कुणाचं कमळ, कुणाचा विंचू. ज्याचा कप फळीवर, तो घरचा. त्याने यावं, आपला कप काढावा, किटलीतून आपल्या हाताने चहा ओतून घ्यावा, पिऊन कप जागेवर ठेवावा. घरोघरी फोन नव्हते तेव्हा. ड्रायव्हर आठ-आठ दिवस रस्त्यावर. घरच्यांना काही कळवायचं असलं की ते आमच्याकडे येऊन निरोप सांगून जात, आणि आम्ही त्या माणसाचा कप पालथा ठेवत असू. बाकी कप कायम सुलटे. धूळ पडते, माश्या बसतात म्हणून आई कुरकुरायची आणि म्हणूनच रोज सकाळी ते सगळे विसळून पुसायचं काम माझ्यावर आलं होतं. आपला कप पालथा दिसला की ड्रायव्हर चहा न घेता आधी विचारायचा, "कुनाचा निरोप हाय?" तात्यांचा नियम असा की निरोप ज्याच्या कानावर पडला, त्यानेच तो सांगायचा. मधे तिसऱ्याला सांगायचा नाही, घरातल्या माणसालासुद्धा नाही. "निरोप हातोहात फिरला की पोट सुटतं त्याचं," ते म्हणायचे. दहावीत होते तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला निरोप घ्यायची परवानगी दिली. मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

धोंडूमामा या अठरा जणांतले माझे सगळ्यांत लाडके. नात्याने कुणी नव्हेत. डोंगराच्या पायथ्याच्या गावातले, आमच्यापासून पायी तासाभराच्या वाटेवर त्यांचं घर. तिशीचे असतील. त्यांच्या कपावर हिरवा पोपट होता आणि त्यांचा हॉर्न दोन आखूड, एक लांब. तो रस्त्याच्या वाकणावर वाजला की आई कढईत दोन वडे जास्तीचे सोडायची. माझ्यासाठी ते पुण्याहून कधी पेरू आणायचे, कधी नुसतीच एखादी थाप. पुण्यात आता माणसं उलटी चालतात म्हणून मला त्यांनी दोन दिवस फसवलं होतं. त्यांचा कप मी याआधी दोनदा पालथा झालेला पाहिला होता. एकदा त्यांचे वडील गेले तेव्हा, आणि एकदा त्यांचं तान्हं मूल. दोन्ही वेळा निरोप तात्यांनी सांगितला होता. दुसऱ्या वेळी मी बरण्यांच्या मागे उभी होते आणि मला धोंडूमामांचा चेहरा दिसला होता. तो इथे लिहीत नाही.

त्या दिवशी मंगळवार होता, शाळेला सुट्टी. तात्या सकाळीच किराणा भरायला कर्जतच्या बाजारात गेले होते. आई मागे चुलीपाशी. मी पडवीच्या कडेला घमेल्यात कप विसळत होते, तेवढ्यात धोंडूमामांचा चुलतभाऊ पांडू आला. चालत आलेला, धापा टाकत. धोंडूमामांची आई दोन दिवस अंथरुणाला होती, आता तिचं खरं नव्हतं. धोंडू मुंबईकडनं आज येणार, त्याला इथूनच घरी वळव, असं म्हणाला आणि म्हातारीने स्वतः सांगितलेले शब्दही सांगितले. मी ते त्याच्यासमोर तीनदा म्हणून दाखवले. "चुकशील नाय ना गं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. तो लगेच परत गेला, त्याला वैदूकडे जायचं होतं. मी पोपटाचा कप पुसला आणि फळीवर पालथा ठेवला.

ठेवला. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा मनाशी म्हटलं असेल, त्याला गणती नाही. कारण त्याआधी आणि त्यानंतर सतरा कप मी सुलटे ठेवले, रोजच्यासारखे, लक्ष न देता. हाताला सुलटं ठेवायची सवय. पालथा ठेवताना माझा हात मनगटात वळला, हे मला स्पष्ट आठवतं. पण तो वळला म्हणून आठवतं, की वळायला हवा होता म्हणून, हे सांगता येत नाही.

अकराच्या सुमाराला गर्दी ओसरली आणि वडाखाली कासारीण येऊन बसली. मावसबहिणीचं लग्न आठवड्यावर आलेलं. आईला विचारून मी बांगड्या भरायला गेले. वडाखालून हॉटेल समोर दिसायचं, पन्नास पावलं. कासारणीने माझा डावा हात मुठीत घेतला, दाबला, चोळला आणि दुसरी बांगडी बोटांच्या गाठींवर चढवत होती तोच वाकणावर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. मी उठायला गेले. "बस गप," कासारीण म्हणाली, "हात कापून घ्यायचा हाय का?" ट्रक थांबला. धोंडूमामा उतरले, त्यांनी गाडीला पाणी घातलं आणि आत गेले. मला पडवीचा अंधार तेवढा दिसत होता. मी घाबरले नव्हते, हे खरं आहे. कप पालथा आहे, ते विचारतील, आई मला हाक मारेल. मी मनात म्हातारीचे शब्द पुन्हा घोळवले. हाक आली नाही. धोंडूमामा बाहेर आले, चढले आणि ट्रक निघाला, खोपोलीच्या दिशेने.

मी अर्धवट चढलेली बांगडी हातात तशीच ठेवून धावले. पोपटाचा कप फळीवर सुलटा होता. तळाशी चहाचा थेंब, कान अजून कोमट.

"धोंडू आत्ताच गेला की," आई म्हणाली. "मी आतनं म्हनलं वडे देते, तर म्हनाला नको वैनी, घाई हाय."

"काही विचारलं नाही त्यांनी?"

"काय विचारायचं?"

मग मी तात्यांचा नियम मोडला आणि धोंडूमामांच्या आईचं आता खरं नाही एवढं आईला सांगितलं, म्हातारीचे शब्द तेवढे नाहीत. तिने हातातला झारा खाली ठेवला. "कप पालथा ठेवला व्हतास ना?" मी म्हटलं, हो. तिने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

गॅसच्या बटणापाशी मला जो आवाज ऐकू येतो, तो आईचा हा 'नक्की' आहे.

आई कधी पडवीच्या पुढे यायची नाही. त्या दिवशी ती पदर खोचून थेट रस्त्यावर उभी राहिली आणि तिने हात करून पहिला ट्रक थांबवला. धोंडूला खोपोलीत गाठा, घाट चढू देऊ नका, आई सोडून चालली हाय त्याची. ट्रकवाला म्हणाला, गाठतो. त्याच्यामागे आणखी एकाला सांगितलं. मग आम्ही वाट बघत बसलो. भजीची ऑर्डर आली तर आईने पीठच भिजवलं नव्हतं. मी प्रत्येक हॉर्नला उठत होते. बांगडी रुतून माझ्या बोटांच्या गाठी सुजल्या होत्या आणि ती काढायचं मला सुचत नव्हतं. देवापुढे उभी राहून मी म्हटलं, मी विसरले असेन तर मला शिक्षा कर, पण त्यांना वळव. मग वाटलं, असं म्हणणं म्हणजे विसरल्याचं कबूल करणं झालं, म्हणून मागे घेतलं. दुपारी घाट उतरून आलेल्या एकाने सांगितलं, धोंडू लोणावळ्याच्याही पुढे दिसला, गाडी तापलेली असताना हाणत होता. शिंग्रोबालासुद्धा थांबला नाही म्हणे. नारळवाली मावशी आमच्या पडवीतच उभी होती. ती म्हणाली, "आज त्यानं नारळबी घेतला नाय. असं कदी केलं नव्हतं त्यानं." माल पोचवायची घाई असेल, असं सगळे धरून चालले.

उन्हं कलली तेव्हा पांडू पुन्हा आला. लांबूनच त्याने नजरेने विचारलं आणि मला मान हलवावी लागली. तो आल्या पावली फिरला. दिवेलागणीला म्हातारी गेल्याचं कळलं. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे. असं बायका सांगतातच, पण मी ते ऐकलं आणि ते माझ्यात राहिलं.

धोंडूमामा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, तोवर पांडूच्या हातून अग्नी देऊन झाला होता. वाटेत कुणीतरी सांगितलं असावं, कारण हॉर्न वाजला नाही. ते पडवीत येऊन उभे राहिले. तात्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मग माझ्यादेखत विचारलं, "धोंडू, कप पालथा नव्हता का रं?" धोंडूमामांनी फळीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नव्हता," ते म्हणाले.

तात्या मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आता निरोप मी घेत जाईन." ते बाजाराला जात तेव्हा पंक्चरवाल्याला गल्ल्यावर बसवत. रस्त्यावर गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. एका ड्रायव्हरने आपला कप नेला, मग दुसऱ्याने. पोरीबाळींवर निरोप सोडायचा नसतो, असं एकजण मला ऐकू जाईल असं बोलला. धोंडूमामा यायचे, पण कमी. पेरू बंद झाले, थापाही. वर्षभरात फळीवर सात कप उरले. पुढे माझं लग्न होऊन मी कर्जतला आले, घरोघरी फोन आले, मग डोंगरापलीकडून नवा रुंद रस्ता झाला आणि ट्रक तिकडे गेले. हॉटेल नव्या रस्त्याने बुडवलं, हे मला कळतं. तरी तात्या गेले तेव्हा मला वाटलं होतं, त्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने जागा विकली. पाडायच्या आधी म्हणाला, ताई, काय हवं ते घेऊन जा. संगमरवरी टेबलं केव्हाच गेली होती. फळी वाळवीने खाल्लेली, पण माळ्यावरच्या एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कप सापडले, त्यात पोपट होता. चोच उडालेली. मी तो पिशवीत घातला आणि चार महिने घरात ठेवला. मग एका मंगळवारी, ठरवून नव्हे, धोंडूमामांच्या गावी गेले. गॅस तेवढा चारदा बघितला.

ते ओसरीवर खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरात, ट्रक चालवणारे ते हात आता कातडी आणि हाडं. सुनेने ओळख करून दिली तर म्हणाले, "शालू ना? वळखली मी." मी कप काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला, चोचीवरून अंगठा फिरवला. मी येताना वाक्य जुळवून आणलं होतं. पन्नास वर्षं जुळवत होते. म्हटलं, "मामा, माझी चूक झाली असेल तर मला माफ करा. मला खरंच आठवत नाही."

त्यांनी कप मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुजी काय चूक. कप पालथाच व्हता."

मला आधी कळलंच नाही.

"मीच सुलटा केला. बाप गेला तवा पालथा, पोरगं गेलं तवा पालथा. तिसऱ्यांदा माज्यानं व्हईना गं. आजूबाजूला कोन नव्हतं. वाटलं, ऐकलंच नाय तर झालंच नाय. चा ओतला, प्यायलो नि सुटलो. शिंग्रोबाला तोंड दावायची लाज वाटली."

"आणि तात्यांनी विचारलं तेव्हा?"

"तवा काय सांगू? आईचा निरोप टाकून पळालो म्हनून सांगू?" त्यांनी उडालेली चोच पुन्हा चाचपली. "तू लहान व्हतीस. म्हनलं, पोर हाय, इसरंल."

मला राग आला. हे स्पष्ट लिहिते, कारण अशा ठिकाणी माफ केलं असं लिहायची पद्धत आहे. माझे गठ्ठे, माझे जिने, तात्यांनी न बोलता पंक्चरवाल्याला बसवलेला गल्ला, सगळं डोळ्यांपुढून गेलं. उठून निघावंसं वाटलं. त्याच वेळी आत कुठेतरी एक पोरगी म्हणत होती, मी ठेवला होता, मी पालथाच ठेवला होता. मला रडू आलं आणि ते कुणासाठी होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सून चहा घेऊन आली. धोंडूमामांनी स्टीलचा पेला नाकारला आणि चहा पोपटाच्या कपात ओतून घेतला. हळूहळू, पूर्ण प्यायले. मग कप धोतराच्या सोग्याने पुसला आणि खाटेच्या कडेला, माझ्या बाजूला, पालथा ठेवला.

"आता सांग," ते म्हणाले. "काय निरोप व्हता?"

पांडू कधीच वारला होता. मी कधी कुणाला ते शब्द सांगितले नव्हते आणि यांनी कधी कुणाला विचारले नव्हते. क्षणभर वाटलं, सांगू नये. राहू दे यांनाही न कळता. पण निरोप ज्याच्या कानावर पडला, त्यानेच तो सांगायचा असतो.

"आजी म्हणाली," मी म्हटलं, "'धोंडूला म्हनावं, सावकास ये. गाडी जोरात हानू नको. तू येईस्तवर मी थांबते.'"

त्यांनी डोळे मिटून घेतले. अंगणात सून धुणं वाळत घालत होती. डोळे न उघडताच ते म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.